अनोळखी कॅसेटवरचं संगीत जगाला ऐकवायच्या आधी या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी लोकांच्या माळ्यावरच्या कॅसेट डिजिटल फाइलमध्ये उतरवून देतो. कॉलेजच्या बँडचे डेमो (नमुन्यादाखल भरलेली गाणी), कुणी घरी एकट्याने कीबोर्डवर रचलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत, पन्नास प्रतींच्या पुढे कधी न गेलेल्या टेप. अशी वस्तू हाती लागली की धीर धरवत नाही, हे मला समजतं. पण त्या घाईत बिघडलेलं काम शेवटी माझ्याकडेच येतं, आणि काही गोष्टी तोवर कायमच्या गेलेल्या असतात.

टेप कोणत्या यंत्रावर भरली, हे न बघणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा पुण्यातल्या एका रद्दीच्या दुकानातून मिळालेली कॅसेट घेऊन आला. वर बॉलपेनने फक्त ‘डेमो ३’ लिहिलेलं. त्याने ती आधीच नेटवर टाकली होती: ‘अज्ञात कलाकार, ड्रोन, नव्वदचं दशक’. ड्रोन म्हणजे लांबवलेल्या, संथ स्वरांचं संगीत. लोकांना ती फार आवडली होती. पाण्याखालून यावा तसा जड, संथ आवाज. दुसऱ्या बाजूला उलटे वाजणारे स्वर. त्याला माझ्याकडून फक्त खरखर कमी करून हवी होती.

मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि शांत जागा कुठे येतात ते कागदावर लिहिलं. पहिली बाजू जिथे संपत होती, बरोबर तिथूनच दुसरी सुरू होत होती. मधल्या शांत जागाही आरशातल्यासारख्या उलट्या क्रमाने जुळत होत्या. मग शंकाच उरली नाही: टेप वेगळ्या यंत्रावर भरलेली होती.

साध्या कॅसेटवर ‘ए’ बाजूचे दोन ट्रॅक (आवाजाच्या पट्ट्या) फितीच्या एका अर्ध्या भागात असतात आणि ‘बी’ बाजूचे दोन दुसऱ्या अर्ध्या भागात, उलट दिशेने. टॅस्कॅम कंपनीने १९७९ साली पोर्टास्टुडिओ हा कॅसेटवर चार ट्रॅक भरणारा रेकॉर्डर काढला, त्यात हे चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतात आणि अनेक मॉडेलांत फीत दुप्पट वेगाने पळते: सेकंदाला ४.७५ ऐवजी ९.५ सेंटिमीटर. घरच्या घरी ड्रम मशीन, बास, कीबोर्ड आणि गाणं वेगवेगळं भरायची सोय त्यामुळे झाली. अशी कॅसेट साध्या डेकवर (कॅसेट वाजवायच्या यंत्रावर) लावली, की एका बाजूला दोन ट्रॅक निम्म्या वेगाने ऐकू येतात आणि दुसऱ्या बाजूला उरलेले दोन निम्म्या वेगाने, शिवाय उलटे. त्या मुलाने ‘ड्रोन’ म्हणून नेटवर टाकलं ते हेच.

आम्ही दोन्ही बाजू ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगला उतरवल्या, वेग दुप्पट केला, ‘बी’ बाजू उलटी फिरवली आणि ड्रमच्या पहिल्या ठोक्यावर चारही ट्रॅक जुळवत बसलो. दोन बाजू वेगवेगळ्या वाजवल्यामुळे त्या दर मिनिटाला थोड्या सरकत होत्या. तीन तास लागले. मग आधी काठीवर काठी मारून मोजलेलं ‘एक, दोन, तीन, चार’ आलं आणि पाठोपाठ नाचायला लावणारं गाणं. एक मुलगी मराठीत गात होती. शेवटी गिटारचा स्वर विरत असताना एक पुरुषी आवाज विचारतो, “परत घेऊ का?” ते वाक्य त्या मुलाने शंभरदा उलटं ऐकलं होतं.

आधीची नक्कल अजून ‘ड्रोन’ म्हणूनच फिरते आहे. ती मागे घेता येत नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. अनोळखी टेप आली की आधी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकतो आणि शांत जागांच्या वेळा लिहितो. विचित्र वाटलं तर पहिला संशय यंत्रावर घेतो. टेप भरताना डीबीएक्स (खरखर दाबायची एक यंत्रणा) लावलं असेल तर मात्र वेग बदलायचा हा उपाय पुरत नाही, तसंच यंत्र कुठून तरी मिळवावं लागतं. वेळ लागतो, लागू द्या.

हेडचा कोन

आवाज बोथट आला की नवशिके थेट ट्रेबल वाढवतात. बहुतेकदा दोष हेडच्या, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, कोनात असतो. भरणाऱ्या डेकचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड केसभर जरी वेगळं कललेलं असलं, तरी वरचे स्वर जातात. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. आवाज मोनो करा (डावा-उजवा एकत्र), चुंबकत्व नसलेला पेचकस घ्या आणि तो स्क्रू अगदी हळू फिरवा. पाव फेऱ्याच्याही आत झांज एकदम उघडते, बंद खिडकी उघडावी तशी. प्रत्येक टेपला हे नव्याने करावं लागतं. ‘एकदा सेट केलंय’ म्हणणाऱ्याला मी कॅसेट देत नाही.

त्याआधी हेड आणि फीत जिथून जिथून जाते त्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि पिंच रोलर (फीत पुढे ओढणारं रबरी चाक) चिकट झालाय का ते बोटाने बघा. फीत डेकने खाल्ली की मग पश्चात्तापाखेरीज हाती काही राहत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही टॅब न तोडता ती डेकमध्ये घालणं. एक चुकीचं बटण, आणि एकुलती एक प्रत पुसली जाते.

तुटलेली फीत सेलोटेपने जोडणं. डिंक पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. स्प्लायसिंग टेप वेगळी मिळते, ती आणा.

पावसाळ्यात बुरशी आलेली कॅसेट तशीच वाजवणं. ती बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते.

खरखर काढायच्या नादात झांजेची शेपटी आणि श्वास कापणं. मूळ उतरवलेली फाइल हात न लावता बाजूला ठेवा, साफसफाई नकलेवर करा.

१२८ केबीपीएसची दाबलेली एमपीथ्री फाइल फ्लॅक (दर्जा न गमावणारा फाइल-प्रकार) करून ‘उत्तम दर्जा’ म्हणून वाटणं. स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) उघडला की १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने मारल्यासारखी रेघ दिसते. हे अज्ञानातून केलं तरी ऐकणाऱ्याची फसवणूकच होते.

नाव शोधायच्या आधी दंतकथा जोडणं

सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांची रागांवर डिस्कोचा ताल चढवलेली तबकडी १९८२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झाली. त्यात रोलंड कंपनीची टीबी-३०३ (बास), टीआर-८०८ (ड्रम) आणि ज्युपिटर-८ (कीबोर्ड) ही इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत. शिकागोतल्या फ्यूचर या गटाची अ‍ॅसिडची (टीबी-३०३ च्या आवाजावर उभ्या असलेल्या नृत्यसंगीताची) पहिली गाजलेली तबकडी १९८७ ची. त्यामुळे ही मागाहून बनवलेली बनावट वस्तू असणार, असं बरेच जण ठामपणे लिहीत राहिले. तबकड्यांचे संग्राहक एडो बॉवमन यांना ती दिल्लीत सापडली होती. त्यांनी पुढे स्वतः चरणजित सिंगांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा काढली. त्यामुळे २०१५ मध्ये जाण्याआधी त्या माणसाला आपलं संगीत युरोपातल्या मंचांवर वाजवायला मिळालं. संशय घेणाऱ्यांपैकी कुणी आधीच माणूस शोधला असता, तर?

अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. तिथली ध्वनिमुद्रणाची रिळं कलाकार-संगीतकार पॉल पुर्गस यांनी संस्थेच्या संग्रहातून बाहेर काढली आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा ही नावं आज त्या संगीताबरोबर घेतली जातात. ‘अज्ञात, भारत, सत्तरचं दशक’ एवढं लिहून ते कुणी टाकलं असतं, तर ही नावं तिथेच पुसली गेली असती.

म्हणून ऐकवायच्या आधी कव्हरचे सगळे पापुद्रे स्कॅन करा, कॅटलॉग नंबर लिहून घ्या, तबकडी असेल तर लेबलाशेजारच्या गुळगुळीत जागेत कोरलेले आकडेही. आतल्या कागदावर फोन नंबर असेल तर फोन करा. लँडलाइन बंद असली तरी पत्ता असतो. कलाकार सापडला आणि नको म्हणाला, तर नको. त्याला विकायचं असेल तर बँडकॅम्पवर (कलाकारांना स्वतःचं संगीत विकता येतं ती वेबसाइट) पान उघडून द्यायला अर्धा तास लागतो, तो तुम्ही द्या.

आणि सापडलेल्या वस्तूच्या आजूबाजूला काय होतं ते बघा. ‘डेमो ३’ म्हटल्यावर मी त्या मुलाला विचारलं, एक आणि दोन कुठे आहेत? गठ्ठ्यात अजून कॅसेट होत्या, पण त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं म्हणून त्याने त्या उचलल्याच नव्हत्या. तो परत गेला तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. ती रद्दी कोणत्या सोसायटीतून आली, एवढं मात्र दुकानदाराला आठवत होतं. तिथल्या तीन मजल्यांवर विचारून झालंय. वरचे दोन येत्या रविवारी करणार आहोत, गाणं फोनमध्ये घेऊन.