तुमच्या पॅन-आधारवर दुसऱ्याच कुणी सरकारी पैसे उचललेत? तक्रारीआधी हे जमवा

समजा गावच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, राहता कांदिवलीला, दरवर्षी रिटर्न भरता, आणि अचानक कळतं की तुमच्या आधारवर पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये कुणीतरी उचलतंय. इन्कम टॅक्स भरणारा त्या योजनेत बसतच नाही, म्हणजे वसुलीचं पत्र येणार ते तुम्हालाच. किंवा पॅनवर भलत्याच राज्यात जीएसटी नंबर काढून खोट्या बिलांवर कुणी रिफंड खाल्लाय. खाणारा गायब, नाव तुमचं. अशा वेळी पहिल्या दिवशी वकील शोधू नका, कागद जमवा.

नोटीस आली असेल तर आधी ती खरी आहे का ते बघा, कारण खोट्या नोटिसांचाही धंदा जोरात आहे. इन्कम टॅक्सच्या पत्रावर डिन नंबर (त्या पत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) असतो, तो पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. खरी निघाली तर लॉगिन करून एआयएस (तुमच्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांचा वार्षिक तक्ता) आणि २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) दोन्ही डाऊनलोड करा. एआयएसची पीडीएफ उघडत नाही म्हणून लोक वैतागतात, तर पासवर्ड म्हणजे पॅन स्मॉल अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख, मध्ये स्पेस नाही. आता एकेक ओळ वाचा. न ऐकलेल्या बँकेचं व्याज, अनोळखी टीडीएस, तुमची नसलेली उलाढाल, जे दिसेल त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग पोर्टलवर एआयएसमध्ये त्याच ओळीसमोर फीडबॅक द्यायचा, ही माहिती नाकारतो किंवा ही दुसऱ्या पॅनची आहे, जे लागू असेल ते. त्याची पोच सेव्ह करा. इथे कुणीतरी शहाणा सांगतोच की अरे किरकोळ रक्कम आहे, उत्पन्नात दाखव, टॅक्स भर आणि मोकळा हो. अजिबात ऐकू नका. ते व्याज रिटर्नमध्ये दाखवलंत की ते खातं माझंच आहे असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं, आणि उद्या त्या खात्यातून लाखो फिरलेले निघाले तर बोलायला तोंड उरत नाही. पीएम किसानचं पण तेच, न घेतलेले पैसे परत भरायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा की हे मी घेतलेलेच नाहीत, पैसे कुठल्या खात्यात गेले ते सांगा.

हे खातं कुठलं ते शोधायला एक गोष्ट माहीत हवी. आधारवर जाणारे योजनेचे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यातच जातील असं नाही, एनपीसीआयकडे (बँकांमधले पेमेंट चालवणारी संस्था) तुमच्या आधारला त्या वेळी जी बँक जोडलेली असेल तिथे ते जातात. मायआधार या आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते बघा, तिथे भलतीच बँक दिसली तर गाठ सापडली म्हणायची. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्ट्री असते, मागच्या ६ महिन्यांची, आधार कधी आणि ओटीपीने की अंगठ्याने वापरलं ते कळतं, ती पण डाऊनलोड करा आणि लगेच बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे तुमच्या अंगठ्याने कुणी आधार वापरू शकणार नाही. जीएसटी साईटवर पॅन टाकून सर्च केलं की त्या पॅनवरचे सगळे नंबर दिसतात, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावरची सिमकार्डं.

एवढं हातात आलं की पोलीस. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० ला फोन, नाहीतर सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार, आणि वर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, दोन प्रतींत. अर्जात रडगाणं नको, तारीख, बँक, रक्कम, पॅनचा गैरवापर, आणि माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचं कलम ६६सी, म्हणजे दुसऱ्याची ओळख वापरणं, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाणे अंमलदार बहुतेक वेळा एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) भागवायला बघतो किंवा हे आमच्या हद्दीत नाही म्हणतो, तेव्हा शांतपणे झिरो एफआयआर म्हणा, ती हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. काहीच नाही झालं तरी दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

त्या शिक्क्याची झेरॉक्स लावून ते खातं असलेल्या बँकेला पत्र द्या की खातं गोठवा, केवायसीचा फॉर्म आणि फोटो दाखवा (फोटोत भलताच चेहरा निघाला की तुमचं निम्मं काम झालं). ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाईन.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. एफआयआर मिळाली की उत्तर देऊ म्हणून थांबतात आणि नोटिशीची तारीख उलटते. पोलीस त्यांच्या गतीने चालणार, टॅक्सवाल्यांना त्याच्याशी घेणंदेणं नाही. तारखेच्या आत इन्कम टॅक्स पोर्टलच्या ई-प्रोसिडिंगमध्ये (नोटिशीला ऑनलाईन उत्तर द्यायची जागा) जे आहे ते जोडून उत्तर टाका, सायबरक्राईम पोर्टलच्या तक्रारीची पोच, शिक्क्याचा अर्ज, बँकेला दिलेलं पत्र, एआयएसच्या फीडबॅकची पोच, आणि वाढीव मुदत मागायचा पर्याय दिसत असेल तर तीही मागा. एफआयआर आली की नंतर जोडता येते. आणि पुढच्या वर्षी एआयएस परत उघडून बघा, खातं बंद झालं नसेल तर व्याजाची तीच ओळ पुन्हा येते आणि फीडबॅक पुन्हा द्यावा लागतो.