हरामाचा पैसा घरात आहे, आता काय करायचं?

निपाणी, चिक्कोडीकडं बऱ्याच जणांचा समज असा की पैसा गैर मार्गानं आलाय ना, मग थोडा मशिदीला, थोडा मदरशाला देऊन टाकायचा की सुटलो. शरियतमध्ये (इस्लामच्या कायद्यात) असं चालत नाही हो. आधी बघायचं, त्या पैशाचा मालक कोण? मालक सापडत असताना दान करणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं सवाब (पुण्य) कमवायला बघणं.

समजा वडिलांनी तंबाखूच्या खरेदीत काट्यात मारून शेतकऱ्यांचा माल दर खेपेला किलो-दोन किलो जास्त घेतलेला, ते वारले आणि वही तुमच्या हातात आलीय. वारशात आलं म्हणून ते हलाल (वैध) होत नाही. वही उघडा, नावं-गावं काढा, माणूस शोधा, तो नसेल तर त्याच्या वारसांना द्या. नेमका हिशोब लागत नसेल तर अंदाज जास्तीचा धरा. तोंडानं सांगायची लाज वाटली तर कुणाच्या तरी हातनं पोचवा, रक्कम त्याच्या हातात पडली पाहिजे एवढंच. कुराणातली ८३ वी सूरह (अध्याय) मापात मारणाऱ्यांना बजावतच सुरू होते.

कुणीच सापडलं नाही, खरंच शोधून दमलात, तरच त्या मालकाच्या नावानं गरिबाला द्यायचं. पुढं मालक उगवला तर त्याला विचारायचं, सवाब ठेवतोस की पैसे घेतोस.

जमिनीचं तर फार वाईट आहे. बांध कोरून वीतभर जरी घेतली तरी कयामतला (शेवटच्या न्यायाच्या दिवशी) सात जमिनींचा फास गळ्यात पडेल असं पैगंबरांच्या वचनांच्या ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत आहे, आणि आपल्याकडं बहिणीला साडी-चोळी देऊन हक्कसोडवर सही घेतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही! बहिणीचा हिस्सा कुराणानंच ठरवलाय (४:११), दाबून घेतला असेल तर जमीनच परत करा, ती विकून बसला असाल तर किंमत.

व्याजाचं वेगळं. मुद्दल तुमचंच (कुराण २:२७९). बँकेत जमलेलं व्याज काढून सवाबाची नियत न ठेवता गरिबाला द्या असं बरेच उलेमा (धर्मपंडित) सांगतात. आणि अडीच टक्के जकात (दरवर्षीचं बंधनकारक दान) काढली म्हणून हराम पैसा धुतला जात नाही, तो सगळाच बाहेर जायला पाहिजे, जकात उरलेल्या हलालवर.

मुफ्तीसाहेबांकडं (शरियतचा निर्णय सांगणाऱ्यांकडं) जाताना वही, उतारा, पासबुक सोबत न्या आणि काही लपवू नका, अर्धवट सांगितलं तर मसलाही (निर्णयही) अर्धवटच मिळतो.