‘मॉन्स्टर इन माय पॉकेट’ जमवताना

मॉरिसन एंटरटेनमेंट ग्रुपची कल्पना आणि मॅचबॉक्सचं उत्पादन असलेली ही छोट्या राक्षस-खेळण्यांची मालिका १९९० मध्ये बाजारात आली. मऊ रबरी प्लास्टिकच्या, साधारण इंच-दीड इंचाच्या फिगर, म्हणजे छोट्या मूर्ती. ग्रीकांची मेडुसा, रशियन लोककथांतली बाबा यागा, जपानचा टेंगू, अ‍ॅझ्टेकांची कोआत्लिक्वे, व्हिक्टोरियन लंडनला घाबरवणारा स्प्रिंग-हील्ड जॅक हे सगळे एकाच संचात सापडतात. इतक्या देशांच्या लोककथा खेळण्यातून हाती देणारी दुसरी मालिका शोधून काढावी लागेल.

काय पूर्ण करायचं ते आधी ठरवा. पहिल्या मालिकेत ४८ पात्रं आहेत, दुसऱ्या मालिकेत आणखी २४. सुरुवातीच्या फिगर एकरंगी होत्या: लाल, पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या. नंतर भडक निऑन रंग आले. प्रत्येक पात्र प्रत्येक रंगात मिळवायला निघालात, तर पैसे रंगांवरच जातात आणि पात्रं अर्धीच राहतात. म्हणून आधी ४८ पात्रं पुरी करा, रंग कोणताही चालेल.

सुटी फिगर महाग पडते. वीस-तीसचा मिश्र लॉट घेतला, तर दर फिगरमागे खर्च कमी येतो आणि जास्तीच्या फिगर अदलाबदलीला उपयोगी पडतात. विक्रेत्याकडून पुढचा, मागचा आणि तळाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून मागवा. परदेशातून मागवत असाल, तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच बोली लावा.

मागचा फोटो का? पहिल्या मालिकेच्या फिगरच्या पाठीवर त्या पात्राला दिलेल्या गुणांचा आकडा उठवलेला असतो: ५, १०, १५, २० किंवा २५. नकलांमध्ये तो बहुधा पुसट असतो किंवा नसतोच. शिवाय तयार फिगरवरून साचा काढला की नवी फिगर किंचित आकसते आणि बोटं, दात, खवले गुळगुळीत होतात. त्याच पात्राची खात्रीची फिगर हाताशी असेल, तर दोन्हींची उंची व्हर्नियर कॅलिपरने मोजून बघा.

आलेला माल लगेच कपाटात ठेवू नका. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, दहा मिनिटं भिजू द्या, मग लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने घासा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिट अजिबात नको. रंग उडतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि तो चिकटपणा पुन्हा जात नाही. हात किंवा शेपूट वाकलं असेल, तर वाफाळत्या पण न उकळणाऱ्या पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा, सरळ करा आणि त्याच स्थितीत थंड पाण्यात बुडवा. थंड न करता सोडलंत, तर ते परत वाकतं.

सर्वांत जास्त नुकसान साठवणुकीत होतं. या फिगर ज्याच्या आहेत त्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकमध्ये ते लवचिक ठेवणारं द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं. त्यामुळे जुन्या फिगर चिकट लागतात. कडक, काचेसारख्या पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या डबीत ठेवल्या, तर त्या डबीलाच चिकटतात आणि तिचा तळही विरघळवतात. नाण्यांच्या अल्बमची पीव्हीसी पानंही टाळा. तळाला त्रिकोणात ५ असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा किंवा पॉलिथिनची झिप पिशवी घ्या. गडद आणि फिकट फिगर एकमेकींना टेकू देऊ नका. लालचा डाग पिवळ्यावर उतरला, तर धुऊन निघत नाही. ऊन कटाक्षाने टाळा, निऑन रंग आधी फिके पडतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

एक गोष्ट आपल्या घरात विशेष लक्षात घ्यावी लागते. या मालिकेत गणपती, हनुमान आणि काली यांनाही ‘मॉन्स्टर’ म्हणून बसवलं होतं, त्यावर हिंदूंनी आक्षेप घेतला आणि तो रास्तच होता. यादीत त्यांची नोंद ठेवा, कारण मालिका तशीच निघाली. मांडताना मात्र त्यांना समुद्रराक्षस क्रेकन आणि लांडगामानव वेअरवुल्फच्या रांगेत उभं करू नका. वेगळा कप्पा द्या.

नोंदवहीत पात्र, मालिका, रंग, गुण, किंमत आणि दोष असे सहा रकाने पुरेत. दोषाचा रकाना भरायचा कंटाळा करू नका. अदलाबदलीच्या वेळी समोरचा पहिल्यांदा तेच विचारतो.