ॲन्युबियास गाडू नका, क्रिप्ट उपटू नका

माशांच्या टँकमध्ये कमी उजेडात जगणारी पाणझाडं म्हणून लोक ॲन्युबियास, जावा फर्न आणि क्रिप्ट (क्रिप्टोकोरिन) आणतात. निवड अगदी बरोबर. महिन्याभरात फोन येतो, "काका, झाडं सडली." बहुतेक वेळा खोड वाळूत पुरलेलं असतं.

ॲन्युबियासचं आडवं खोड हळकुंडासारखं दिसतं. आपल्याला कुंडीची सवय, त्यामुळे हात आपोआप ते खाली दाबतो. शेजारच्या मुलाने दोन फुटी टँकमध्ये ॲन्युबियास नानाची तीन रोपं अशीच खडीत गाडली होती. वरून पानं हिरवीगार, त्यामुळे त्याला पत्ताच लागला नाही. तीन आठवड्यांनी मी एक पान हलकेच ओढलं, ते देठासकट हातात आलं. खोड बाहेर काढलं तर पिकल्या केळ्यासारखं मऊ, वर गटाराचा वास. कडक भाग लागेपर्यंत नव्या ब्लेडने कापत गेलो. दोन रोपं गेली, तिसऱ्याचं बोटाच्या पेराएवढं खोड उरलं. ते काळ्या शिवणदोऱ्याने दगडाला बांधलं. आज त्याला अकरा पानं आहेत. फेव्हिक्विकच्या थेंबानेही चिकटतं, पण माझा भरवसा दोऱ्यावर. मुळं खडीत गेली तर जाऊ द्या, खोड उघडं राहिलं पाहिजे. जावा फर्नचंही तेच.

क्रिप्टच्या बाबतीत घाई नडते. नव्या पाण्यात गेलं की त्याची पानं पारदर्शक होऊन विरघळतात आणि लोक झाड मेलं म्हणून फेकून देतात. अहो, मुळं जिवंत असतात! कुजकी पानं तेवढी काढा आणि महिनाभर हात लावू नका, जागा तर मुळीच बदलू नका. आपल्या सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांत क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस पावसाळ्यात पाण्याखाली आणि पाणी उतरल्यावर उघड्यावर जगतं. या कुळाला पानं टाकून नवी फोडायची सवयच आहे.

वाढ दिसेना म्हणून लाइट बारा तास ठेवू नका. ही झाडं मुळातच सावकाश वाढतात. जादा उजेड शेवाळ खातं आणि पानांवर काळी दाढी, म्हणजे केसाळ काळं शेवाळ, चढते. माझा टायमर सात तासांवर आहे. झटपट वाढीसाठी 'लिक्विड कार्बन' नावाचं बाटलीतलं द्रावण ओतणं मला पटत नाही. व्हॅलिसनेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती तर त्याने वितळते.

आणि जावा फर्नच्या पानाखाली ओळीने तपकिरी ठिपके दिसले तर कात्री बाजूला ठेवा. तो रोग नव्हे, ते बीजाणू आहेत.