गुरू-शनीच्या चंद्रांवर वस्ती: कागदावर हिशेब कसा मांडायचा

बाहेरच्या ग्रहांच्या चंद्रांवर माणूस राहील का, असा विषय निघाला की बहुतेक जण आधी चित्र काढतात. काचेचा घुमट, आत हिरवळ आणि वर कडी मिरवणारा शनी. (शनीचा मोठा चंद्र टायटन, त्याच्या नारिंगी धुरक्यातून शनी दिसणारच नाही, पण असो.) चित्र शेवटी काढा. आधी कागद आणि कॅल्क्युलेटर घ्या. माझी सगळी नोकरी कोल्ड स्टोरेजच्या इन्सुलेशनच्या कामात झाली, त्यामुळे मी कोणतीही जागा पाहिली की उष्णता कुठून येते, कुठे जाते आणि दार कुठे गळतं हे आधी बघते. तीच सवय इथे कामी येते.

पहिली ओळ प्रवासाची लिहा, चंद्राची नाही. मंगळाकडे जाताना नासाच्या क्युरिऑसिटी या बग्गीवरच्या उपकरणाने रोज सरासरी १.८ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मोजला (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक, मिलिसिव्हर्ट त्याचा हजारावा भाग). नासाची अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट आहे. भागाकार केला की साधारण ३३३ दिवस येतात. आता कॅसिनी यान बघा: ऑक्टोबर १९९७ मध्ये निघालं आणि जुलै २००४ मध्ये शनीपाशी पोचलं. त्याच वेगाने, तेवढ्याच आडोशात माणूस गेला तर वाटेतच चार सिव्हर्टच्या वर डोस घेईल. म्हणजे एक तर यान कितीतरी वेगवान हवं, नाही तर भिंती पाण्याच्या जाड थराच्या हव्यात. यांतलं काय गृहीत धरताय ते कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. बहुतेक योजना इथेच गप्प बसतात.

मग चंद्रांची गाळणी. गुरूभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांमुळे त्याच्या युरोपा या चंद्राच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ५.४ सिव्हर्ट डोस पडतो. आयुष्याची मर्यादा पावणेतीन तासांच्या आतच संपते. गुरूच्याच आयो या चंद्रावर तर अर्धा तासही मिळत नाही. गॅनिमिडवर दिवसाला सुमारे ०.०८ सिव्हर्ट, म्हणजे एक आठवडा. कॅलिस्टो गुरूपासून जवळजवळ १९ लाख किलोमीटर लांब असल्यामुळे तिथे या पट्ट्यांचा वाटा दिवसाला ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास उतरतो. दूरच्या अवकाशातून येणारे वैश्विक किरण त्यात वेगळे धरायचे, पण ते काही मीटर बर्फाखाली आवरतात. नासाच्या २००३ च्या अभ्यासात माणसाच्या मुक्कामासाठी कॅलिस्टोच का निवडला होता, ते या आकड्यांवरूनच कळतं. युरोपाच्या बर्फाखाली राहू म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की खणणारा माणूस वर उभा किती वेळ राहणार? शिवाय खालच्या समुद्रात काही जिवंत असलंच, तर तिथे आपले जंतू न्यायचे नाहीत. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रालाही हाच नियम. नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन उणे २३५ अंशांवर आहे आणि फार लांब आहे. तो पुढच्या पिढ्यांनी बघावा.

उरले कॅलिस्टो आणि टायटन. इथे सगळे थंडीला घाबरतात आणि नेमकं तिथेच हिशेब उलटा निघतो. टायटनवर बाहेर उणे १७९ अंश, आत २१. फरक २०० अंशांचा. वीस सेंटिमीटर जाडीचं पफ पॅनेल (उष्णता अडवणाऱ्या फोमचा तक्ता) लावलं (वाहकता ०.०२५ धरा) तर चौरस मीटरमागे २५ वॅट उष्णता निसटते. दहा माणसांच्या घराचं बाहेरचं क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर धरलं, तर १५ किलोवॅट. आता जेवणाकडे या. एका माणसाच्या दिवसाच्या २५०० कॅलरी म्हणजे २.९ युनिट ऊर्जा. दिव्याखाली पीक घेताना विजेतली शेकडा दोन टक्के ऊर्जा ताटात पोचते असं धरलं, तर माणशी १४५ युनिट रोज, म्हणजे अखंड ६ किलोवॅट. दहा जणांचे ६० किलोवॅट! ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. म्हणजे १५ किलोवॅट गळणाऱ्या घरात ६० किलोवॅटची शेगडी रात्रंदिवस चालू. घर गरम कसं ठेवायचं यापेक्षा ते गार कसं करायचं, हा खरा प्रश्न.

टायटनवर ते सोपं आहे, बाहेरची दाट थंड हवा पंख्याने फिरवली की झालं. कॅलिस्टोवर बाहेर निर्वात. सगळं घर थर्मासच्या बाटलीत बसवल्यासारखं. तिथे रेडिएटर, म्हणजे उष्णता किरणांनी बाहेर टाकणारे पत्रे, लागतील: खोलीच्या तापमानाला चौरस मीटरमागे सुमारे ४०० वॅट बाहेर टाकले जातात, म्हणजे ६० किलोवॅटसाठी दीडशे चौरस मीटर.

प्राणवायूची चिंता त्यामानाने किरकोळ. माणसाला रोज ०.८४ किलो लागतो. बर्फ वितळवून त्याचं विद्युत विघटन करायला माणशी पाच-सहा युनिट पुरतात. बर्फ तर पायाखालीच आहे.

वीज मात्र सूर्याकडून मागू नका. गुरूपाशी ऊन पृथ्वीच्या सत्ताविसाव्या भागाइतकं, चौरस मीटरला ५० वॅट, आणि कॅलिस्टोची रात्र आठ दिवसांची. टायटनच्या जमिनीवर तर पृथ्वीच्या हजाराव्या भागाच्या आसपास ऊन उतरतं. अणुभट्टीच हवी. २०१८ मध्ये नासाने चाचणी घेतलेल्या छोट्या भट्टीचा आराखडा १ ते १० किलोवॅटचा होता. आपल्या दहा माणसांच्या फक्त शेतीलाच त्यातल्या मोठ्या सहा लागतील.

भिंतीचा दाब बघताना टायटन बाजी मारतो. तिथे बाहेरचा दाब पृथ्वीच्या दीडपट आहे, म्हणून घर फुगून फुटण्याची भीती नाही. आत तेवढाच दाब ठेवला की भोक पडलं तरी हवा हळूहळूच मिसळते. शिवाय डोक्यावर चौरस मीटरला शंभर टनांहून जास्त हवा आहे, पृथ्वीच्या दहापट. वैश्विक किरणांना याहून चांगली छत्री कुठली मिळणार? कॅलिस्टोवर बाहेर निर्वात असल्यामुळे घरातल्या हवेचा चौरस मीटरला दहा टनांचा जोर भिंती बाहेर ढकलतो. तो नुसत्या बर्फाच्या वजनाने तोलायचा, तर दुबळ्या गुरुत्वामुळे जवळजवळ ९० मीटर खाली जावं लागेल. म्हणून माझं मत असं: पहिलं पाऊल कॅलिस्टोवर, मुक्काम टायटनवर. ‘वसाहत’ हा शब्द मात्र जपून वापरा. माणूस सलग अंतराळात राहिल्याचा विक्रम ४३७ दिवसांचा आहे, तोही शून्य गुरुत्वात; सातव्या भागाच्या गुरुत्वात मूल वाढवून कोणीच पाहिलेलं नाही.

आता टायटनच्या बांधकामाकडे. कोल्ड स्टोरेजमध्ये फरशीखालची माती गोठून फुगते आणि फरशी उचलते, म्हणून आम्ही खाली हवा खेळवतो. टायटनवर याच्या उलट: घराची ऊब खाली उतरली तर जमीनच बिघडेल. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान टायटनवर उतरलं, तेव्हा त्याच्या उबेनेच जमिनीतून मिथेनची वाफ निघाली होती. म्हणून घर खांबांवर उचला, खाली वारा जाऊ द्या आणि खांबांत उष्णता अडवणारा तुकडा घाला. साधं पोलाद या थंडीत ठिसूळ होतं. एलएनजीच्या (अतिथंड द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) टाक्यांना वापरतात ते नऊ टक्के निकेलचं पोलाद किंवा स्टेनलेस घ्या. बाष्परोधक थर नेहमी उबदार बाजूला. कोल्ड स्टोरेजमध्ये ती बाहेरची बाजू असते, इथे आतली. हा उलटा लावलात तर घरातली वाफ पॅनेलमध्ये शिरून बर्फ होईल आणि इन्सुलेशन वाया जाईल.

राहिलं दार. साधं रबर तिथे काचेसारखं तडकेल, त्यामुळे गॅस्केट (दाराची फट बंद करणारी पट्टी) चौकटीच्या उबदार भागात बसवा आणि चौकटीत हीटर वायर टाका. बाहेरचं दार उघडण्याआधी मधल्या खोलीतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरा, म्हणजे चौकटीवर बर्फाचा थर चढणार नाही. नायट्रोजन बाहेर फुकट आहे, फक्त त्यातला मिथेन आधी गाळून घ्या.