दिवाणी दावा टाकण्याआधी ‘इतर अधिकार’ वाचा

शेतजमिनीचा दावा टाकायचा म्हटलं की आधार, पॅन, वारसांची वंशावळ, चालू सातबारा, आठ-अ हे सगळे आणतातच, त्यावर शब्द खर्च करत नाही. खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधकाकडून सूची क्र. 2 ची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) नक्कल काढा. झालं.

आता मुद्द्याचं. सातबाऱ्यावरचा ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना वाचा. खातेदाराच्या रकान्यात आपलं नाव दिसलं की माणूस खुश होतो आणि तिथेच थांबतो. माझ्याही फायलीत हाच रकाना कोणी वाचला नव्हता. समोरच्यांनी कैफियतीत (लेखी उत्तरात) कुळाचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचा, मुद्दा घेतला, कोर्टाने तो तहसीलदारांकडे पाठवला आणि दावा जागच्या जागी थांबला. कायद्यात ते लिहिलेलंच आहे. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 85 ने कुळाचे प्रश्न दिवाणी कोर्टाच्या हाताबाहेर ठेवलेत. असा प्रश्न दाव्यात उपटला तर कलम 85अ प्रमाणे दावा स्थगित करून तो महसूल अधिकाऱ्याकडे धाडावा लागतो. निकाल येईपर्यंत तुम्ही तारखा घेत बसा.

चालू उताऱ्यावर रकाना रिकामा दिसला तरी सुटका नाही. प्रत्येक फेरफाराचा (हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा) क्रमांक उतरवून घ्या आणि त्याची नक्कल काढा. जुने फेरफार हस्तलिखित असतात, शाई फुटलेली असते, पण खाली मंडळ अधिकाऱ्याचा शेरा आणि तारीख बहुतेकदा लागते. कंसात टाकलेलं (म्हणजे कमी केलेलं) नाव दिसलं की ते कोणत्या फेरफाराने कंसात गेलं ते शोधा. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली तो दिवस, त्याच्या मागचेपुढचे फेरफार तर दोनदा वाचा. ‘32ग’ (कुळाच्या खरेदीची किंमत ठरवणं) किंवा ‘43 ला पात्र’ (हस्तांतरावर बंधन) असं काही सापडलं तर आधी कुळकायद्याचा कागद वकिलांपुढे ठेवा, खरेदीखत नंतर. ऑनलाइन नक्कल मिळाली नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. ‘साहेब, आमच्याकडे कधी कूळ नव्हतं’ हे वडीलधाऱ्यांचं वाक्य पुरावा नव्हे. फेरफार बघा.

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या बाजूची जमीन असेल तर त्याच रकान्यात जमीन महसूल संहितेच्या कलम 36 किंवा 36अ चा उल्लेख आहे का बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल तर ती परत देण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूला आहेत, 1974 चा स्वतंत्र कायदाही आहे. गट पडताना झालेल्या अदलाबदलीचं भांडण असेल तर एकत्रीकरण कायद्याचं कलम 36अ आडवं येतं. हे 36अ आणि वरचं 36अ वेगवेगळ्या कायद्यांतले आहेत, घोळ करू नका.

उलट्या बाजूची चूकही, म्हणजे दिवाणीचा प्रश्न महसूलकडे नेण्याची, तितकीच होते. फेरफार नामंजूर झाला म्हणून लोक प्रांताकडे अपील करतात (मुदत 60 दिवस), मग अपर जिल्हाधिकारी, मग नाशिकरोडला आयुक्तालय. वर्षं जातात आणि शेवटी आदेशात ओळ येते की मालकी दिवाणी न्यायालयातून ठरवून आणा. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी वेळा सांगितलंय. आपल्याकडे नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्ट आणि कलेक्टर कचेरी इतकी जवळ आहेत की माणूस सवयीने ओळखीच्या फाटकात शिरतो. नुसता वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मात्र तहसीलदारच बरे, 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली. तिथे सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा.

दिवाणीच ठरलं, तर कोणतं कोर्ट? जमीन जिथे, दावा तिथे. तुम्ही पुण्याला राहता, चुलते ठाण्याला, द्राक्षबाग निफाडला, तर निफाडला या. एक तुकडा निफाडला आणि दुसरा दिंडोरीत असेल तर दोन्हींपैकी कुठेही चालतं. कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर हे मूल्यांकनावर ठरतं, आणि शेतजमिनीचं मूल्यांकन आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) पटीत होतं, प्लॉटवाल्याने सांगितलेल्या भावाने नाही. चुकीच्या कोर्टात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 ने वजा मिळू शकतो, पण प्रामाणिकपणा आणि तत्परता तुम्हालाच दाखवायची असते. त्या भरवशावर राहू नका. फेरफार वाचायला जो आठवडा लागतो तो आधीच द्या.

मागणी नीट लिहा. मालकीच वादात असेल तर नुसता मनाई हुकूम पुरत नाही, मालकीची घोषणा मागा. ताबा गेला असेल तर ताबाही मागा. मुदत घोषणेला तीन वर्षं, मालकीवरून ताब्याला बारा.

मिळकतीच्या वर्णनात गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. सरकार पक्षकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस, दोन महिने आधी. मोजणीचं नंतर बघा. प्रतिवादी जितके तितक्या प्रती, आणि पत्ते पिनकोडसकट, नाहीतर समन्स परत येतं.