अमेरिकेत मुलांकडे गेल्यावर आजारपण आले तर या चुका टाळा

"घाबरं घाबरं होतंय रे," असे बाबा म्हणाले, तेव्हा न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात मी त्यांच्या शेजारी उभा होतो. नर्सने काय होते आहे असे विचारले आणि मी घाईघाईत सांगून टाकले की त्यांना भीती वाटते आहे. तिने संगणकावर 'अँक्झायटी' अशी नोंद केली. बाबांच्या कपाळावर घाम होता, हात गार पडले होते, आणि मराठीत आपण ज्याला घाबरे होणे म्हणतो त्यात भीतीपेक्षा जीव कासावीस होणे, दम कोंडल्यासारखे वाटणे हेच अधिक असते. ईसीजी लगेच काढला गेला म्हणून पुढचे निभावले. परंतु चूक माझी होती, आणि आई-वडिलांना प्रेमाने अमेरिकेत बोलावणारी अनेक मुले ती करतात, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मुलालाच दुभाषी करणे

केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना, इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णासाठी दुभाषी विनामूल्य उपलब्ध करून द्यावा लागतो. तो बहुधा फोनवर किंवा चाकांच्या स्टँडवर लावलेल्या पडद्यावर भेटतो. आपण मागणी केली तर तो मिळतो, न मागता मिळेलच असे नाही. मागताना 'इंडियन' असे मोघम न सांगता 'मराठी' असे स्पष्ट सांगावे, आणि मराठी दुभाषी त्या वेळी मिळत नसेल तर हिंदी चालेल हेही सांगून ठेवावे.

कळ, चमक, ठणका, जळजळ, मुंग्या या शब्दांतला फरक डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाचा असतो, आणि इंग्रजीत रोज काम करणाऱ्या मुलालाही तो ऐन वेळी इंग्रजीत मांडता येत नाही. मला अधिक गंभीर वाटते ते दुसरे कारण. लघवीची तक्रार, अंगावरून जाणे, शौचावाटे पडणारे रक्त यांविषयी आई मुलासमोर बोलत नाही. वडील मुलाचा चेहरा पाहून दुखणे कमी करून सांगतात. मुलाने जवळ थांबावे, हात धरावा, पण बोलणे दुभाष्यावर सोपवावे आणि गरज दिसली तर थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहावे.

दुखणे घरातच दाबून ठेवणे

मुलगा आणि सून कामावर, नातवंडे शाळेत, आणि मोठ्या बंद घरात आई-वडील दोघेच, अशा दुपारी छातीत दुखू लागले तर पहिला विचार येतो तो मुलाच्या खर्चाचा. इथले औषधपाणी महाग आहे हे त्यांनी शंभर वेळा ऐकलेले असते, त्यामुळे "संध्याकाळपर्यंत बघू, बहुतेक पित्तच असेल" असे म्हणून ते पडून राहतात. काही घरांत याच वेळी पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला जातो. तिकडे मध्यरात्र असते, फोन उचलला जायला वेळ लागतो, आणि उचलला तरी ते डॉक्टर लांबून ईसीजी काढू शकत नाहीत. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून माणूस शेवटचा ठीक किती वाजता होता हे घड्याळात पाहून लक्षात ठेवणे आणि वेळ न दवडणे या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

यावर उपाय आई-वडिलांच्या नव्हे, मुलांच्या हातात आहे. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना समोर बसवून सांगावे की छातीत दुखणे, श्वास लागणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा हात लुळा पडणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर मला विचारू नका, आधी 911 हा आपत्कालीन क्रमांक लावा आणि मग मला फोन करा. पैशाचा विचार माझ्याकडे सोडा. हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपले आई-वडील फोन उचलत नाहीत.

घराचा पत्ता माहीत नसणे

पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी 911 हा एकच क्रमांक आहे आणि चालू योजना नसलेल्या मोबाइलवरूनही तो लागतो, मात्र अशा फोनवर तिकडून परत फोन येऊ शकत नाही. मोबाइलवरून लावल्यास इमारतीतले नेमके घर तिकडे कळेलच असे नाही, म्हणून पत्ता सांगता यावाच लागतो, आणि नेमका तोच आई-वडिलांना येत नसतो. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक कागद लावावा: घर क्रमांक, रस्ता, अपार्टमेंट क्रमांक, शहर आणि झिप कोड (आपल्या पिन कोडसारखा). हे सारे इंग्रजीत आणि खाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहावा. त्याखाली दोन वाक्ये हवीत: 'मेडिकल इमर्जन्सी' आणि 'आय स्पीक मराठी ऑर हिंदी'. 911 च्या बऱ्याच केंद्रांना फोनवरच दुभाषी जोडून घेता येतो. पलीकडची व्यक्ती सांगेपर्यंत फोन ठेवू नये आणि दाराचे कुलूप आधीच काढून ठेवावे. रुग्णवाहिकेच्या आधी दारात अग्निशमन दलाची लाल गाडी आली तर गोंधळू नये, कारण अनेक शहरांत प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी त्याच गाडीतून आधी पोचतात.

सगळ्यासाठी इमर्जन्सी गाठणे, किंवा इमर्जन्सीलाही न जाणे

ताप, घसा, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय, टाके घालावे लागतील अशी साधी जखम यांसाठी 'अर्जंट केअर' नावाचे दवाखाने असतात. तेथे भेटीची वेळ आधी ठरवावी लागत नाही आणि खर्च इमर्जन्सी विभागापेक्षा पुष्कळ कमी येतो. जीवावर बेतणारे काही असेल तर मात्र थेट इमर्जन्सी. विमा नाही म्हणून दारातून परत पाठवतील ही भीती बाळगू नये: अमेरिकेच्या 1986 च्या केंद्रीय कायद्यानुसार, मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत सहभागी असलेल्या आणि इमर्जन्सी विभाग चालवणाऱ्या रुग्णालयाला आलेल्या प्रत्येकाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, मग तो कोणत्याही देशाचा असो. बिल नंतर येते, आणि ते येतेच.

विम्याच्या अर्जात मधुमेह लपवणे

आपल्या नेहमीच्या मेडिक्लेमची बहुतेक पॉलिसी भारतापुरतीच असते, त्यामुळे प्रवासासाठी वेगळा विमा लागतो. हप्ता कमी व्हावा म्हणून एजंटच्या सांगण्यावरून अर्जात मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वीची अँजिओप्लास्टी न लिहिणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. रुग्णालयात पहिल्या दहा मिनिटांत कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारतात, उत्तर कागदावर नोंदले जाते, आणि तोच कागद पुढे विमा कंपनीकडे जातो. अर्जात लपवलेले तिथे उघड होते आणि दावा फेटाळायला कारण मिळते.

खरे लिहिले तरी काम संपत नाही. आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळतो का, की तो आजार अचानक उफाळला तरच मिळतो, आणि त्याला वयाची अट आहे का, हे पॉलिसीत वाचावे. काही योजना खोलीभाडे, शस्त्रक्रिया, तपासण्या यांसाठी ठरावीक रक्कमच देतात आणि वरचा फरक आपल्यावर पडतो; हप्ता थोडा अधिक भरून सर्वसमावेशक योजना घेणे वयस्कर माणसासाठी शहाणपणाचे. मुक्काम वाढणार असेल तर विम्याची मुदत संपण्याआधीच ती वाढवावी. रुग्णालयात दाखल झाल्यावर कंपनीच्या मदत क्रमांकावर पॉलिसीत दिलेल्या वेळेत कळवणे बंधनकारक असते, म्हणून तो क्रमांकही फ्रिजवरच्या कागदावर असावा.

औषधांच्या बाबतीतला निष्काळजीपणा

भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात चालत नाही, आणि आपल्याकडे सर्रास दिली जाणारी काही औषधे तेथे मिळतच नाहीत. मधुमेहासाठीची ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि रक्तदाबाची सिल्निडिपिन ही त्यांतली. बरोबर साधारण 90 दिवसांची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या पत्रासह न्यावीत. पत्रात ब्रँडचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. आणि ही पिशवी चेक-इन सामानात न टाकता हातातच ठेवावी. मुक्काम याहून लांबणार असेल तर औषध बदलून घ्यावे का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

नावांचा एक धोका नीट समजून घ्यावा. आपल्याकडचे पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. आईने सकाळी भारतातून आणलेली क्रोसिन घेतली, दुपारी सुनेने टायलेनॉल (त्याच औषधाचा तिथला ब्रँड) दिली आणि रात्री सर्दीचे पातळ औषध घेतले, तर तिन्ही वेळा तेच औषध पोटात गेले असण्याची शक्यता असते. निरोगी प्रौढ माणसासाठीही दिवसभरात 4 ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे, त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते. काढे, भस्मे, आयुर्वेदिक गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

गोळ्यांच्या पट्ट्या उशाशी ठेवण्याची आपली सवय नातवंडांच्या घरात चालत नाही. तेथल्या औषधांच्या बाटल्यांना मुलांना उघडता येऊ नये असे झाकण असते, आपल्या पट्टीतली गोळी मात्र दोन वर्षांचे मूलही काढते, आणि आजोबांची मधुमेहाची एखादी गोळीसुद्धा त्याची साखर धोकादायकपणे उतरवू शकते. असे झाले आणि मूल शुद्धीवर असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पॉयझन कंट्रोल या विषबाधेवर सल्ला देणाऱ्या सेवेच्या 1-800-222-1222 या चोवीस तास चालणाऱ्या विनामूल्य क्रमांकावर फोन करावा. शुद्ध नसेल किंवा श्वास नीट नसेल तर 911.

बिल आले की घाबरून भरून टाकणे

एका आजारपणाची रुग्णालय, डॉक्टर, क्ष-किरण, प्रयोगशाळा, रुग्णवाहिका अशी वेगवेगळी बिले कित्येक आठवडे येत राहतात. पहिले बिल येताच क्रेडिट कार्डावर भरू नये. बाबनिहाय तपशील मागावा, तो ताडून पाहावा, विमा कंपनीकडे पाठवावा आणि त्यानंतरच सवलतीविषयी बोलावे. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावेच लागते आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज स्वीकारावा लागतो. पाहुण्यांना ते लागू आहे की नाही हे त्या त्या धोरणावर अवलंबून असते, म्हणून विचारावे. भारतीय दूतावास पासपोर्ट हरवला किंवा कागदपत्रे लागली तर मदत करतो, पण रुग्णालयाचे बिल तो भरील या भरवशावर राहू नये.

घरी सोडताना डिस्चार्जची कागदपत्रे, तपासण्यांचे निकाल आणि स्कॅनच्या प्रती मागून घ्याव्यात, आणि बदललेल्या औषधांची मूळ नावे तेथेच लिहून घ्यावीत. बाबा परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी सर्वांत आधी मागितला तो त्या रात्रीचा ईसीजी.